धागा नसलेला कॅन

कल्याण मापाच्या खोलीतून बाहेर आला, की त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, असं जयमालानं दर वेळी ठरवलेलं असायचं. आणि दर वेळी ती बघायचीच.

"आराधना, अगं इकडं ये! तुझं पीक झकास आलंय," तो दारातूनच म्हणाला. मग जयमालाकडे वळून त्यानं नुसता हात हलवला. "ताई, तुमचं आपलं नेहमीसारखं."

नेहमीसारखं. तेवढा एक शब्द जयमालाच्या घशात अडकला, तो दुपारच्या डब्याबरोबरही खाली उतरला नाही.

पीक म्हणजे शेतातलं नव्हे. बेलापूरच्या अलीकडे, साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला ते लहानसं संशोधन केंद्र होतं. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचा खडखडाट आणि मळीचा आंबूस वास खिडक्या लावल्या तरी आत यायचाच. मळीपासून कारखान्यात स्पिरिट निघे, आणि तेच स्पिरिट कॅन भरभरून केंद्रात येई. रामहरी वाकचौरे सरांनी इथं भट्टी मांडली ती त्या स्पिरिटच्या जिवावर. लालबुंद तापलेल्या काचेच्या नळकांड्यातून स्पिरिटची वाफ सोडली, की तिच्यातला कार्बन सुटतो आणि आत ठेवलेल्या सिलिकॉनच्या चिपवर नळ्या होऊन उगवतो. केसाचे उभे हजारो चिरे करावेत आणि त्यातला एक हाती यावा, इतक्या त्या बारीक. डोळ्याला काहीच दिसत नाही. चिप जशी आत गेली तशीच बाहेर आल्यासारखी वाटते. म्हणून कल्याणच्या चेहऱ्याकडे बघावं लागे. तो त्या चिपवर सोन्याचे ठिपके चढवी, सुया टेकवी, वीज सोडी, आणि पीक कसं आलं ते सांगे.

या नळ्या दोन जातींच्या उगवतात. एक जात अर्धवाहक. म्हणजे जणू तोटी असलेला नळ. चालू म्हटलं की चालू, बंद म्हटलं की बंद. उद्या संगणकाचे बारीक स्विच सिलिकॉनऐवजी यांचे करायचे, तर हीच जात हवी. दुसरी जात धातूसारखी. तोटी मोडलेला नळ जसा, काही करा, वाहतच राहणार. स्विचमध्ये तिच्यातली एक जरी आली तरी सगळा स्विच वाया. केंद्रात या दुसऱ्या जातीला सगळे तण म्हणत. तिथं बहुतेक जण शेतकऱ्यांचीच लेकरं. दुसरं नाव सुचणार कुठून? जयमालाच्या चिपवर दर तीन नळ्यांमागे एक तण असायचंच. जगात सगळीकडे साधारण तितकंच असतं, असं सर म्हणत. कित्येक वर्षं ते म्हणणं जयमालाला पुरलं होतं.

आराधना आली आणि ते पुरेनासं झालं. तण तिच्याही चिपवर तितकंच असे, पण नळ्या दाट आणि सरळ उगवत.

आराधना त्रिभुवन बेलापूरचीच. वडील अँड्र्यू मास्तर, गावातल्या शाळेत शिकवणारे. पोरगी पुण्यात शिकून आली आणि सरांच्या हाताखाली रुजू झाली. भट्टी कशी पेटवायची, गॅस कुठल्या क्रमानं सोडायचे, नळकांडं कसं धुवायचं, सगळं तिला जयमालानंच शिकवलं. पोरगी "ताई, ताई" करत मागं मागं फिरायची. जे दाखवावं ते एकदाच बघायची आणि पुढच्या वेळी हातचं न राखता करायची. भट्टी तापेपर्यंत ती चर्चमधली गाणी गुणगुणायची. सरांना कामाच्या वेळी आवाज खपत नसे. एकदा जयमालाच्या बांगड्या वाजल्या म्हणून त्यांनी कपाळाला आठी घातली होती, त्या दिवसापासून ती रिकाम्या हातांनी केंद्रात येई. आराधनाच्या गुणगुणण्याला मात्र सर एकदाही काही बोलले नाहीत. उलट एका दुपारी म्हणाले, "या पोरीच्या हाताला गुण आहे हो, जयमालाताई."

"हो ना," जयमाला म्हणाली. तिचा आवाज नेहमी मऊ असे. त्या मऊपणाखाली काय जळतंय ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तशी ती बाई भांडखोर नव्हती. पहाटे उठून अंघोळ, मग बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून त्रिशरण, पंचशील. त्याशिवाय चहा नाही. पौर्णिमेला आणि अष्टमीला उपोसथ. पांढरं लुगडं नेसायचं, दुपारनंतर अन्न घ्यायचं नाही. कल्याण तिला चिडवायचा, "ताई पाचवं शील घेतात, मद्याला शिवणार नाही म्हणतात, आणि दिवसभर स्पिरिट गाळत बसतात. असा भिक्खूसंघ जिल्ह्यात एकच!" त्यावर ती हसायची. शील घेतलं ते पाळायचं, एवढं तिला ठाऊक. पण पाच शीलांत हेव्याचं नाव कुठंच नव्हतं. दाराशी कुणी अडवलंच नाही, म्हणून तो सरळ घरात येऊन बसला.

त्यात नवी भट्टी यायची होती. मोठी. बोटाएवढ्या चिपऐवजी ताटलीएवढ्या चकतीवर पीक घेणारी. बंगळूरच्या एका कंपनीचे लोक माघ पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात बघायला येणार, आणि ती भट्टी जो चालवील त्याच्या हातात पुढचं सगळं काम जाणार, हे ठरलेलं. गेलं वर्षभर तो विषय निघाला, की सर म्हणत, "जयमालाताई आहेतच की." दिवाळीनंतर ते म्हणू लागले, "बघू."

त्या एका 'बघू'नं जयमालाची झोप नेली. घरी तिची आई गीताबाई विचारायची, "आगं, आली का तुजी भट्टी?"

"येईल."

"आन् त्या मास्तरच्या पोरीचं काय चाललंय? लई हुशार हाय म्हनं. काल बाजारात मरियमबाई सांगत हुती, सायेब तिलाच बसवनार म्हनून."

"बसवू दे. मला काय त्याचं?"

"तुला काय न्हाई, तर मंग भाकरी का थापटून थापटून फाडती?"

जयमालानं तव्यावरची फाटकी भाकरी उलटली.

केंद्रातलं एक काम पहिल्यापासून जयमालाचं होतं. कारखान्यातून येणाऱ्या स्पिरिटमध्ये थोडं पाणी असतं. सरांचा दंडक होता, भट्टीत पाण्याचा थेंबही जाता कामा नये. म्हणून दर शनिवारी ती ओव्हनमध्ये भाजलेले पांढरे मणी कॅनमध्ये टाकायची. ते मणी पाणी शोषून घेत आणि स्पिरिट सुकं होई. सुक्या स्पिरिटचा कॅन आणि ओल्याचा कॅन, दोन्ही एकाच रंगाचे, एकाच घडणीचे. चिठ्ठ्या लावल्या तर स्पिरिटनं शाई पुसली जायची. म्हणून जयमाला सुक्या कॅनच्या गळ्याला पांढरा धागा बांधायची. परित्राणपाठाच्या वेळी मनगटाला बांधायला आणलेलं सूत घरी उरलेलं असायचं, तेच ती आणी. धागा आहे ते सुकं, धागा नाही ते ओलं. ही रीत सगळ्यांना माहीत होती, आणि म्हणूनच ती कुणी कुणाला सांगत नसे. आराधनाला आजवर गरजही पडली नव्हती. तिची बाटली जयमालाच भरून ठेवायची.

त्या सोमवारी जयमालानं ती भरली नाही. मुद्दाम नव्हे, असं ती पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिली. शनिवारी सरांनी आराधनाचं पीक बघून टाळी दिली होती. दोघांनी लहान मुलांसारखी टाळी दिली होती, आणि जयमाला मण्यांची चाळणी हातात घेऊन बघत उभी राहिली होती. त्यानंतर बाटलीचं तिच्या ध्यानात राहिलं नाही, एवढंच.

सोमवारी सकाळी ती कपाटाआडून हातमोजे काढत होती. आराधना रिकामी बाटली घेऊन कॅनपाशी आली. दोन्ही कॅन शेजारी शेजारी. पोरीनं धागा बांधलेल्या कॅनकडे बघितलं, हात जरासा पुढं नेला, मागं घेतला, आणि दुसऱ्या कॅनचं झाकण फिरवून बाटली भरून घेतली. ओल्या स्पिरिटची.

जयमालानं तोंड उघडलं. 'अगं, तो नव्हे,' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात आतून सरांची हाक आली, "आराधना, आजचं पीक तू एकटीनं घे. मला तुझा हात बघायचाय."

जयमालानं तोंड मिटलं.

बघा म्हणावं हात, तिच्या मनात आलं. नळकांडं काळं पडेल, चिप वाया जाईल, सरांना कळेल हाताला किती गुण आहे ते. ती हातमोजे चढवून आपल्या कामाला लागली. दिवसभर तिनं मनाशी एकच माळ ओढली: मी खोटं कुठं बोलले? मी तर काही बोललेच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मापाच्या खोलीतून आरोळी आली. कल्याण धावतच बाहेर आला. त्याच्या चष्म्याला वाफ धरली होती.

"सर! सर, अहो या लवकर! तण नाही!"

"म्हणजे कमी आहे?"

"कमी नाही सर, नाहीच! सुई टेकवीन तिथं स्विच बंद होतोय. मी तीनदा यंत्र तपासलं. मला वाटलं माझीच तार सुटलीये!"

सर आत गेले. बाहेर आले ते थेट आराधनाकडे. त्यांनी आराधनाच्या डोक्यावर हात ठेवला, बाप ठेवतो तसा. ती रडत होती, हसत होती. "ताई!" म्हणून ती जयमालाच्या गळ्यात पडली. "ताई, तुम्ही शिकवलंत म्हणून!"

जयमालाचे हात खाली लोंबत राहिले. तिच्या डोक्यात त्या क्षणीच लखकन उजेड पडला होता, आणि त्या उजेडानं तिचे डोळे सुखावले नाहीत, भाजले. पाणी. दुसरं काय वेगळं होतं? चिप तीच, गॅस तेच, भट्टी तीच. फक्त स्पिरिट ओलं होतं. भट्टीच्या आचेत पाण्याच्या वाफेनं आधी तणाला धरलं, खाऊन टाकलं, आणि चांगल्या नळ्या तेवढ्या राखल्या. परदेशात कुणी कुणी असं करून बघितल्याचं तिनं वाचलं होतं, पण सरांच्या दंडकापुढं कोण बोलणार? इतकी वर्षं ती दर शनिवारी मणी भाजून, निगुतीनं, श्रद्धेनं, तेच पाणी काढून टाकत आली होती. आणि ही कालची पोर चुकीच्या कॅनला हात लावते आणि तिच्या ओंजळीत फळ पडतं!

आपण वाईट चिंतावं आणि तिचं सोनं व्हावं, यापरता जाळ कुठल्या भट्टीत असेल?

सरांनी त्याच दिवशी कंपनीला कळवलं. पाहुण्यांसमोर हेच पीक पुन्हा घेऊन दाखवू, असं कळवलं. मोठी भट्टी कोण चालवणार, ते आता कुणी विचारतही नव्हतं.

शनिवार आला. पाहुणे येणार म्हणून जयमालानं होतं नव्हतं ते सगळं स्पिरिट सुकं केलं आणि दोन्ही कॅनना धागे बांधले. दंडकच तसा होता. आराधना बाटली घेऊन आली आणि दोन्ही धागे बघून घुटमळली.

"ताई, यातलं घेऊ का?"

"घे की," जयमाला म्हणाली. हेही खोटं नव्हतं.

आराधनानं पीक घेतलं. दर तिसरी नळी तण. पुन्हा घेतलं. तेच. तिनं नळकांडं धुतलं, चिपा बदलल्या, गॅस वरखाली केले. गुणगुणणं बंद झालं. डबा न उघडताच घरी जाऊ लागला. आणि हे बघताना जयमालाच्या छातीत एक गोडसर ऊब पसरायची. तिची तिलाच भीती वाटायची, पण ती ऊब हवीहवीशी होती. तिनं मनाशी बेतही आखला. पाहुणे येऊन हात हलवत परत जाऊ देत. पोरीचा बोलबाला ओसरू दे. मग महिनाभरानं आपण सरांना म्हणायचं, 'सर, थोडं पाणी घालून बघू का?' शोध आपला, भट्टी आपली. यात खोटं कुठंच नव्हतं. नुसती थोडी वाट बघायची होती.

माघ पौर्णिमेला उपोसथ होता. जयमाला पांढऱ्या लुगड्यात केंद्रात आली. दुपार टळून गेली होती, पोटात सकाळची पेजच तेवढी होती. कल्याणनं आराधनाची नवी चिप मोजली, बाहेर आला आणि मान हलवली. सर टेबलाशी बसले होते. आराधना भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले.

"सर, एक विचारू?" कल्याण म्हणाला. "रागावू नका. केंद्राची ट्रस्टी मंडळी बोलायला लागलीत. म्हणतात, ती पहिली चिप पोरीनं पुण्याहून बरोबर आणली असेल."

"कल्याणदादा!" आराधनाचा आवाज फाटला. "तुम्ही पण?"

"मी नाही गं बाई. लोक म्हणतात ते सांगतोय. अँड्र्यू मास्तरांना पण कुणीतरी शाळेत विचारलं म्हणे."

आराधनानं ओढणीचा बोळा तोंडावर धरला. सरांनी हात उचलून कल्याणला गप्प केलं.

"लोकांना म्हणू दे. मी या पोरीचा हात पाहिलाय," सर सावकाश म्हणाले. "असा हात मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही. एकदा जमलंय ते पुन्हा जमेल. पाहुणे आले नि गेले तरी हरकत नाही. मोठी भट्टी हिच्याच हाताखाली येईल, मग वर्ष लागो."

उभ्या नोकरीत पाहिला नाही. जयमाला त्याच खोलीत होती. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते, बांगड्या नसलेले.

"हातात काही नाही!" ती ओरडली.

सगळे दचकले. तिचा आवाज एवढा चढतो हे त्या भिंतींनाही ठाऊक नव्हतं.

"काही नाही तिच्या हातात. ओलं स्पिरिट होतं! धागा नसलेल्या कॅनमधून भरलं तिनं. चूक केली. पाण्यानं झालं ते सगळं. मी करत आले तसं नीट सुकं घेतलं असतं तर तिचंही माझ्यासारखंच आलं असतं. नेहमीसारखं!"

बाहेर एक ट्रॉली खडखडत गेली. जयमालाला वाटलं, झालं; आता पोरीचा मुखवटा उतरला. ती सरांच्या चेहऱ्यावर राग उमटायची वाट बघत राहिली.

सर उठले. टेबलाला धरून उभे राहिले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं तो राग नव्हता.

"पाणी," ते म्हणाले. "अरे, पाणी! पाणी दिलं की तण माजतं, असं आजवर ऐकत आलो. इथं पाण्यानं तण मारलं! आणि मी इतकी वर्षं काढून टाकायला लावलं ते. मूर्ख मी!" त्यांनी आराधनाचे खांदे धरले. "पोरी, कळलं का तुला? तू चुकलीस म्हणून आपल्याला सापडलं. पाहुण्यांना आता काय सांगायचं तेही कळलं. कल्याण, त्या ट्रस्ट्यांना बोलाव उद्या!"

जयमाला बघत राहिली. पाडायला म्हणून उगारलेला दगड तिच्या डोळ्यांदेखत पोरीच्या पायाखालची पायरी झाला होता.

"पण तू तोच कॅन का घेतलास?" सर विचारत होते. "धाग्याची रीत तुला कुणी सांगितली नव्हती?"

आराधना गोंधळली. "कसली रीत, सर? मला वाटलं, तो धागा ताईंच्या व्रताचा आहे. बाजूला काढून ठेवलेलं काहीतरी. बाबा सांगतात, दुसऱ्याच्या श्रद्धेच्या वस्तूला न विचारता हात लावू नये. ताई समोर दिसल्या नाहीत त्या वेळी, म्हणून मी दुसरा घेतला. आणि नंतर दोन्हींना धागे दिसले, म्हणून विचारलं."

कल्याण हसला. "घ्या! परित्राणाच्या सुतानं शोध लावला." मग त्याचं हसू मध्येच थांबलं. "पण ताई, तुम्ही समोर दिसला नाहीत म्हणते ही. मग तुम्हाला कसं कळलं, हिनं कुठल्या कॅनमधून घेतलं ते?"

उत्तर तयार होतं. ओल्या कॅनमधलं स्पिरिट कमी झालेलं दिसलं, त्यावरून ताडलं. कुणीही पटकन मान डोलावली असती, आणि तपासायला आता ओला कॅन उरलाही नव्हता. जयमालानं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. त्या वाक्याच्या आड तिला तो हात दिसत होता. धाग्याकडे गेलेला, आणि तिच्या धर्माचा मान राखून मागं आलेला.

"मी पाहिलं," ती म्हणाली. "कपाटाआड होते. भरताना पाहिलं, त्याच दिवशी."

"आणि बोलला नाहीत?" सरांनी विचारलं.

"नाही."

"आणि हे पीक येईना, पोर रडत होती, तेव्हा? तेव्हा कळलं होतं तुम्हाला, पाण्याचं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"का, जयमालाताई?"

ती आपल्या पांढऱ्या पदराकडे बघत होती. "मला तिचा हेवा वाटला, सर. अजून वाटतोय."

कल्याण चष्मा काढून पुसत राहिला. सर पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मोठी भट्टी आराधना चालवील. कॅनचं काम उद्यापासून कल्याणकडे. तुम्ही जुन्या भट्टीवर राहा." त्यांनी आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं.

जयमालाला वाटलं होतं, खरं बोललं की जीव हलका होतो. तसं तिनं ऐकलं होतं, इतरांना सांगितलंही होतं. पण फाटकाकडे चालताना तिला काहीच हलकं वाटत नव्हतं. भट्टी गेली होती. नाव गेलं होतं. आणि हेवा मात्र जागेवर होता, धगधगीत, जणू त्याला या सगळ्याशी काही देणंघेणंच नव्हतं.

फाटकापाशी आराधना स्कूटीवर बसली होती. स्कूटी चालू नव्हती. ती जयमालाची वाट बघत होती, हे लांबूनच कळत होतं. जयमाला चालत राहिली. पोरगी शिव्या देईल, तर देऊ दे, तिनं मनाशी म्हटलं. रडली तर मात्र आपल्याला सोसणार नाही.

"बाबा तीन दिवस शाळेत गेले नाहीत," आराधना म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "लोकांच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून. मी घरी सांगायची, ताई आहेत ना, ताई काहीतरी वाट काढतील."

जयमाला उभी राहिली. "मला क्षमा—"

"आज नको, ताई. आज मला जमणार नाही." तिनं नाक पुसलं. थोडा वेळ उसाच्या ट्रॉल्या जाऊ दिल्या. मग ती अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "पाणी किती होतं त्यात?"

"काय?"

"त्या ओल्या स्पिरिटमध्ये. पाणी किती असतं? शंभरात पाच?"

जयमाला तिच्याकडे बघत राहिली. डोळे सुजलेले होते, आणि त्या डोळ्यांमागं भट्टी पेटली होती. या पोरीला आपला राग आलाय, रास्त राग आलाय, आणि तरी तिला आधी नळ्यांचं कळायला हवंय. आपल्याला पाण्याचं कळलं त्या दुपारी आपण काय केलं? किती पाणी, असं एकदा तरी स्वतःला विचारलं का? आपण भट्टी कुणाला मिळेल ते मोजत बसलो.

आजवर तिनं पोरीच्या टाळीचा हेवा केला होता, सरांच्या हाताचा, गुणगुणण्याचा. खरा हेवा करण्याजोगं काय होतं, ते तिला आत्ता दिसलं. आणि दिसलं म्हणून तो कमी झाला नाही.

"कारखान्यातून निघताना शंभरात पाच," ती म्हणाली. "पण कॅनचं झाकण सैल राहिलं की ते हवेतलंही पाणी ओढतं. त्या कॅनचं झाकण नीट बसत नव्हतं. पाचापेक्षा जास्त असणार. सहा, सात. आपण थोडं थोडं वाढवत—"

"आपण नाही," आराधना म्हणाली. "मी करीन. तुम्ही सांगा फक्त. सगळं सांगा."

तिनं स्कूटीची किल्ली काढून घेतली आणि ऐकायला उभी राहिली. जयमालाला एसटी समोर येताना दिसत होती. ती गेली, तर पुढची कधी ते सांगता येत नव्हतं.

"त्या दिवशी थंडी होती," ती सांगू लागली. "थंडीत स्पिरिटची वाफ कमी सुटते. ते आधी ध्यानात घे."